कडक भाकरी, दोन तवे आणि भिंतीवरचं कालनिर्णय: मार्च ते जुलै २०२५ च्या प्रकल्प नोंदी

१८ मार्च, मंगळवार

दहावीचा शेवटचा पेपर काल झाला. तोवर तवा चढवायचा नाही हे जानेवारीतच ठरलं होतं, म्हणून कामाचा पहिला दिवस आजचा.

काम: सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी, राहत्या घरातून. माणसं: थोरली सून थापणार, धाकटी सून तवा बघणार. सासूबाई माळकरी, मधुमेहाच्या गोळ्या चालू. दहावी झालेली मुलगी थोरलीची, सहावीतला मुलगा धाकटीचा. पुरुषमंडळींकडे गिरणी, बाजार आणि पोचवणं.

पहिलं काम भाकरीचं नव्हतं, कालनिर्णयाचं होतं. भिंतीवरून उतरवून टेबलावर घेतलं. लाल पेनाने एकादश्या आणि सण, निळ्याने डॉक्टर आणि तपासण्या, हिरव्याने शाळा. ऑर्डरी पेन्सिलने, त्याही सगळ्यात शेवटी, उरलेल्या चौकोनांत. बहुतेक घरगुती उद्योगांत हे उलटं होतं: आधी ऑर्डर घेतात, मग एकादशी कुठे बसवायची, आईला दवाखान्यात कधी न्यायचं याची ओढाताण सुरू होते. पेन्सिल खोडता येते, लाल पेन खोडता येत नाही, एवढाच यातला हिशेब.

एकादशीचा नियम: घरात धान्य शिजत नाही, म्हणून विक्रीची भाकरीही नाही. स्मार्त आणि भागवत असे दोन दिवस आले तर भागवत (वारकरी पाळतात तो) धरायचा. त्या दिवशी ज्वारी निवडणं, लेबलं चिकटवणं आणि हिशेब. रविवारी पूर्ण सुट्टी. संध्याकाळी ७ ते ७.३० हरिपाठ. त्या अर्ध्या तासात ऑर्डरीचा फोन उचलायचा नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपही बघायचं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी, यंदाची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकनाचं नाव लेबलावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. आपण नुसतं ‘मालदांडी ज्वारी’ लिहायचं.

रब्बीची नवी ज्वारी आत्ता बाजारात आहे, हाच खरेदीचा काळ. दोन क्विंटल घेतली, उन्हात दोन दिवस पसरली, थंड झाल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरली. गरम धान्य कोठीत गेलं तर आत घाम धरतं आणि महिन्याभरात सोंडे दिसतात.

दळण आठवड्याला लागेल तेवढंच, म्हणजे १५ ते १८ किलो. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते. गोळा मळताना कळत नाही, थापताना कडा फाटायला लागल्या की कळतं. आधीच्या दळणातलं वीस दिवसांचं पीठ आज मुद्दाम वापरून पाहिलं: दहापैकी सहा भाकऱ्या कडेला फाटल्या. त्याच पिठाच्या पाव भागाची उकड काढून ती बाकीच्यात मळली, तेव्हा दहापैकी दोनच फाटल्या. तेव्हा उकड हा उपाय आहे, पण ताजं पीठ असताना तिची गरज नाही आणि वेळ फुकट जातो.

२४ मार्च, सोमवार

प्रमाण ठरलं. १ किलो पिठाला ९०० मिली गरम पाणी, १० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम तीळ. गोळा साधारण ९५ ग्रॅमचा, म्हणजे भाकरीला ५० ग्रॅम पीठ. व्यास २० सेंटिमीटर. थापताना मधे बोटाचा ठसा राहता कामा नये, तिथली भाकरी पातळ होऊन करपते.

भाजणी नेहमीसारखी: तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग दुसरी बाजू. फक्त पापुद्रा फुगू द्यायचा नाही. फुगलेल्या भाकरीत वाफ अडकते आणि ती बाहेरून कडक, आतून ओली राहते. फुगायला लागली की फडक्याने दाबायची.

मग वाळवणी, आणि खरं काम तेच आहे. पूर्वी चुलीच्या कडेला निखाऱ्यांसमोर भाकऱ्या उभ्या करून ठेवत. गॅसवर ती सोय नाही. दुसरा जाड लोखंडी तवा मंद आचेवर, त्यावर भाकरी, फडक्याने गोल फिरवत दाबत राहायचं, पाच-सहा मिनिटं, मधे दोनदा उलटून.

झाली की नाही हे आवाजावर ओळखतात: टिचकी मारली की टण् वाजली पाहिजे. सासूबाईंना तेवढं पुरतं, त्यांचा कान कधी चुकत नाही. बाकीच्यांसाठी १ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. ९५ ग्रॅमचा गोळा भाजल्यावर ७५ च्या आसपास येतो. वाळल्यावर ४८ ग्रॅम झाला पाहिजे. कोरड्या पिठातही पाणी असतंच, म्हणून भाकरी तिच्या पिठाच्या वजनाखाली उतरली तरच ती टिकाऊ. ५१ च्या वर राहिली तर चार दिवसांत मऊ, दहा दिवसांत बुरशी.

वेग: तासाला ११. थापणारी रिकामी बसते, वाळवणीचा तवा अडतो.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सुट्टीच्या दिवशीची एकमेव नोंद. पहिली विक्री पाडव्याच्या मुहूर्तावर: ४० भाकऱ्या, ओळखीच्या चार घरी. मुहूर्ताचा एक फायदा हिशेबातही दिसतो. तारीख पुढे ढकलता येत नाही, म्हणून ‘अजून थोडं सुधारू, मग विकू’ हे थांबतं.

२ एप्रिल, बुधवार

कागदपत्रं. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, २०२५ च्या नियमाप्रमाणे: वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असली की परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. वर्षाला १०० रुपये, अर्ज ऑनलाइन. १४ अंकी क्रमांक लेबलावर. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहावं.

लेबलावर: नाव, घटक, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची आणि वापराची तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन. चटणीवर ‘शेंगदाणे आहेत’ ही ॲलर्जीची सूचना ठळक.

दोन गोष्टी छापायच्या नाहीत, कितीही लोकांनी सुचवल्या तरी. एक, ‘ग्लुटेन-फ्री’. ज्वारीत ग्लुटेन नसतं हे खरं, पण आपली ज्वारी ज्या गिरणीत दळली जाते तिथे आधी गहू दळलेला असतो. दोन, ‘मधुमेहींसाठी उत्तम’. अन्नाच्या पाकिटावर रोगाबद्दल असा दावा करता येत नाही, आणि तो खराही नाही. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत तीस-पस्तीस ग्रॅम कर्बोदकं आहेतच. उलट कडक भाकरी हलकी लागते, कुरकुरीत असते, आणि जेवणाबाहेर नुसती चावत चावत दोन-तीन सहज जातात.

गॅस: घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो. व्यावसायिक जोडणी घेतली, १९ किलोची.

८ एप्रिल, मंगळवार, चैत्री एकादशी

तवा बंद. हिशेबाचा दिवस. पहिल्या आठवड्यात भाकरी १२ रुपयांना विकली आणि सगळ्यांना वाटलं फायदा झाला. मांडून पाहिलं:

पीठ, दळणासह: २.६० रुपये. गॅस: १९ किलोचा सिलिंडर १,७५० रुपयांचा धरला, त्यावर सुमारे १,००० भाकऱ्या, म्हणजे १.७५. तीळ-मीठ ०.२०. पिशवी-लेबल ०.८०. इथपर्यंत ५.३५, आणि इथेच बहुतेक वह्या थांबतात. ‘घरच्यांची मजुरी काय धरायची’ म्हणून शून्य. आम्ही तासाला ६० रुपये धरले. तासाला २० भाकऱ्यांचा वेग गाठला असं गृहीत धरून दोघींच्या एका तासाचे १२० रुपये २० भाकऱ्यांवर पडतात, भाकरीला ६ रुपये. एकूण ११.३५. शंभरात आठ मोडतात, म्हणून ०.९२ ने भागून १२.३४.

म्हणजे १२ ला विकताना भाकरीमागे ३४ पैसे घरातून गेले. नवा भाव १६. दुकानदाराने २० टक्के कापले तरी हातात १२.८० राहतात.

मजुरी शून्य धरण्याचा दुसरा तोटा पैशांबाहेरचा आहे. जिची मजुरी शून्य, तिचा वेळही सगळ्यांना फुकटचा वाटतो. वहीत ६० रुपये लिहायला लागल्यापासून ‘जरा दहा मिनिटं तवा सोड, चहा टाक’ हे कमी झालं. यूपीआयचं खातंही वेगळं काढलं. भाजीचे पैसे त्यातून द्यायचे नाहीत.

१७ एप्रिल, गुरुवार

वाळवणीचा अडसर सुटला. तीन शेगड्या: एकीवर भाजणी, दोहोंवर वाळवणीचे तवे. दोन्ही वाळवणी तव्यांवर तारेची जाळी, दोन इंच उंच. तव्यावर दाबून अर्धी वाळलेली भाकरी जाळीवर चढवायची, खाली नवी टाकायची. वर उरलेली आच वाया जात नाही. वेग तासाला २०.

सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर गेलं आहे, म्हणून वेळ पहाटे ५.३० ते ८.३०. तीन तासांत ६० भाकऱ्या. त्यापुढे स्वयंपाकघर भट्टी होतं. अर्ध्या तासाला पेलाभर पाणी, मधे एकदा मीठ घातलेलं ताक. डोकं दुखायला लागलं की शेगडी बंद, ‘एवढ्या चार होऊ देत’ म्हणायचं नाही. पंखा तव्यावर येता कामा नये, ज्योत हलते. तो थापणारीच्या पाठीमागून.

भाजलं तर: वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळदही नाही. बांगड्या लगेच काढायच्या, सूज आल्यावर निघत नाहीत.

२८ एप्रिल, सोमवार

आज लक्षात आलेली गोष्ट खरं तर पहिल्या आठवड्यातच दिसायला हवी होती. सासूबाईंची सकाळची साखर तीन आठवड्यांत हळूहळू वर गेली आहे. गोळ्या त्याच, जेवण तेच. फरक एकच: मोडलेल्या भाकऱ्या.

शंभरात आठ म्हणजे रोज पाच. त्या टाकवत नाहीत, आणि अन्न टाकायचं नाही हा घरातला जुना संस्कार. मग ताटलीतले तुकडे येता-जाता सगळेच खातात, सासूबाई सगळ्यात जास्त, कारण त्या स्वयंपाकघरातच बसून निवडत असतात. मोजून पाहिलं तर दिवसाला दीड भाकरी नुसती तुकड्यांतून जात होती, जेवणाच्या वर.

उपाय: तुकड्यांचा डबा स्वयंपाकघराबाहेर. तुकडे जाडसर कुटून ‘भाकरीचा चुरा’ म्हणून २५० ग्रॅमची पिशवी, ४० रुपये. दह्यात कालवायला, आमटीत घालायला लोक आवडीने घेतात. अन्नही वाया गेलं नाही.

९ मे, शुक्रवार

थोरलीच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ. मूठ मिटून मनगट खाली वळवलं की दुखतं. डॉक्टरांनी सांगितलं: अंगठ्याच्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज. थापताना अंगठा ताणलेला आणि मनगट सतत वळतं, म्हणून. दोन आठवडे तवा धाकटीने आणि थापणंही धाकटीने, निम्मा वेग. त्या काळात दिवसाला ३० च.

(इथून पुढची नोंद २३ मे नंतर पुरी केली.) तोवर दोन प्रयोग केले. हातदाबाचं यंत्र, दोन प्लास्टिक कागदांमध्ये गोळा ठेवून: वीसपैकी सोळांच्या कडा चिरल्या. पिठाच्या तिसऱ्या हिश्शाची उकड घातल्यावर चारच चिरल्या, पण मध्यभाग जाड राहतो. जाड मध्य वाळत नाही, आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. यंत्र परत केलं. दुसरा प्रयोग, पोळपाटावर कागदात लाटणं: जाडी सारखी येते, अंगठा सुटतो, फक्त कडेला एक बोट फिरवून घ्यावं लागतं. हाच ठेवला. जुन्या ग्राहकांपैकी दोघींनी ‘ही थापलेली नाही’ असं ओळखलं. बरोबर ओळखलं, हातांच्या ठशांनी येणारी ती खरखर लाटण्यात येत नाही.

२३ मे पासून पुढे: सलग २५ च्या वर एकीने थापायच्या किंवा लाटायच्या नाहीत, मग जागा बदलायची. दिवसाची मर्यादा ६० वरून ५० वर. उभ्याने काम, ओटा कोपराच्या चार बोटं खाली हवा. आपला उंच आहे, म्हणून पायाखाली फळी.

१४ मे, बुधवार

काल दहावीचा निकाल. आज काम बंद. अकरावीचे प्रवेश यंदापासून राज्यभर ऑनलाइन, त्यामुळे दाखले, फोटो, पसंतीक्रम यात आठवडाभर सकाळच्या तासावर टाच येणार. पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ऑर्डरी खोडून पुढच्या आठवड्यात नेल्या, दोघांनाही आजच फोन केला.

२७ मे, मंगळवार

पाऊस यंदा फारच लवकर. २५ ला मोसमी वारे महाराष्ट्रात आले, काल मुंबईत. सोलापुरातही हवा दमट. परिणाम दुसऱ्याच दिवशी: सकाळी टण् वाजणारी भाकरी दुपारी सादळलेली. परातीत उघडी ठेवलेली भाकरी तासाभरात ४८ वरून ५० ग्रॅम, तीन तासांत ५३.

बदललेली पद्धत: वाळल्यावर जाळीवर २० मिनिटं, हाताला अजिबात गरम लागता कामा नये, आणि लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. गरम भरली तर पिशवीला आतून घाम येतो. थंड झाल्यावर भरायला उशीर केला तर हवेतलं पाणी खेचते. या दोहोंच्या मधली वीस-पंचवीस मिनिटंच काय ती आपली. पिशवी ५० मायक्रॉनची होती, ८० ची घेतली.

शेवटच्या वाळवणीला ओटीजी (विजेची छोटी भट्टी): १०० अंशांवर जाळीवर सहा भाकऱ्या, ३५ मिनिटं. नुसत्या ठेवल्या तर कडा वर वळून वाटी होते, म्हणून वर दुसरी जाळी वजनाला.

३१ मे, शनिवार

मोठी मागणी. सोलापूरहून आषाढीला पायी निघणारी एक दिंडी, चार दिवसांची वाट, सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. त्यांना १ जुलैला १,००० कडक भाकऱ्या आणि चटणी हवी. कडक भाकरी वाटेत लागते ती याचसाठी: तवा नको, विटत नाही, आमटीत चुरली की जेवण झालं.

हो म्हणायच्या आधी कालनिर्णय काढलं. २ ते १४ जून: १३ दिवस, त्यातून रविवार, एकादशी आणि वटपौर्णिमा (१० जून) वजा, १० दिवस, रोज ५० प्रमाणे ५००. १६ जूनला शाळा सुरू, सहावीतून सातवीत गेलेल्याचा डबा सकाळी ६.३० ला, म्हणजे एक शेगडी घरची, रोज ४०. १६ ते २८ जून: १३ दिवस, रविवार (भागवत एकादशी त्याच दिवशी) आणि सासूबाईंच्या तपासणीचा दिवस वजा, ११ दिवस, ४४०. एकूण ९४०. मोडतोड ७५ वजा, ८६५. नेहमीच्या घरांच्या आठवड्याला ६०, चार आठवड्यांच्या २४०. उरल्या ६२५.

५५० घेतल्या. उरलेल्यांसाठी त्यांना दुसऱ्या गटाचा पत्ता दिला. ‘पांडुरंगाचं काम आहे, होऊन जाईल’ असं घरातूनही आलं. होऊन जातं ते कुणाच्या तरी अंगठ्यावर आणि कुणाच्या तरी डब्यावर, आणि या घरात ते अंगठे-डबे कुणाचे हे सगळ्यांना माहीत आहे.

भावाबद्दल. दिंडी म्हणून सवलत मागितली गेली. भाव १६ च ठेवला आणि ३० भाकऱ्या सेवा म्हणून वेगळ्या दिल्या. वहीत त्यांची ओळ स्वतंत्र: सेवा, ३० × १२.३४, सुमारे ३७० रुपये. सवलत आणि सेवा एकाच ओळीत मिसळली की पुढच्या वर्षी ती सवलत हक्क होते, आणि सेवा म्हणून काय दिलं ते कुणालाच आठवत नाही.

४ जून, बुधवार

या आठवड्यात निर्जला एकादशी. सासूबाईंच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. ती घेऊन उपाशी राहिलं तर साखर फार खाली जाऊ शकते, आणि पाणीही न घेणं या वयात मूत्रपिंडांना जड. आज त्यांना डॉक्टरांकडे नेलं, एकादशीच्या आधीच, कारण त्या दिवशी सकाळी फोनवर विचारलं की उत्तर ‘उपवास करू नका’ एवढंच मिळतं आणि ते ऐकलं जात नाही.

ठरलं ते असं: त्या दिवशीच्या गोळ्यांचा बदल डॉक्टरांनी लिहून दिला. पाणी घ्यायचं, पाणी घेतल्याने सासूबाईंच्या लेखी उपवास मोडत नाही, हे त्यांनीच सांगितलं. सकाळी ७, दुपारी १ आणि ५ ला साखर मोजायची. ७० च्या खाली आली किंवा घाम, थरथर, गोंधळ दिसला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. त्या वेळी कुणी वाद घालायचा नाही.

साबुदाणा खिचडीवर मात्र बंदी. बाकीच्या एकादश्यांना वाटीभर भगर, दाण्याची आमटी आणि काकडी.

१८ जून, बुधवार

आज तुकोबांची पालखी देहूतून निघाली, उद्या माउलींची आळंदीतून. इथे पाचव्या डब्यात घोटाळा.

दिंडीच्या भाकऱ्या पिशव्यांत न भरता पत्र्याच्या नव्या, कोऱ्या १५ किलोच्या तेलडब्यांत भरतोय. चौकोनी डब्यात २० सेंटिमीटरची भाकरी नेमकी बसते. एकावर एक ६०, दर दहांमध्ये कोरा कागद. मोडतोड निम्म्यावर आली. पण पाचवा डबा उघडला तर वरच्या वीस मऊ, ५३ ग्रॅम. कारण शोधलं: सोमवारी शाळेचा पहिला दिवस, घाईत शेवटचा घाणा कोमट असतानाच भरला आणि झाकणाला पट्टी लावायची राहिली. सगळ्या साठ बाहेर काढून ओटीजीत १०० अंशांवर १५ मिनिटं, पुन्हा ४८. बुरशी धरलेली नव्हती म्हणून वाचल्या. तसा एक जरी ठिपका दिसला असता तर पूर्ण डबा टाकावा लागला असता, वाळवून चालत नाही.

आता प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख, भरणारीचं नाव आणि तीन भाकऱ्यांची वजनं.

२७ जून, शुक्रवार

चटणी. ती शेवटी, कारण भाकरी दोन महिने टिकते, चटणी एवढी नाही. दिंडीला ११ किलो, भाकरीमागे २० ग्रॅम, सगळी बिनलसणाची.

१० किलो भाजलेल्या, सालं काढलेल्या दाण्यांना (कच्चे सुमारे ११ किलो) ६०० ग्रॅम तिखट, २८० ग्रॅम मीठ, १२० ग्रॅम भाजलेलं जिरं. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास असलेले बाहेर. बुरशीचं विष भाजून जात नाही, म्हणून ‘भाजल्यावर काय होतंय’ म्हणणाऱ्याला निवडायला बसवू नये. भाजणी मंद, २ किलोच्या घाण्याला २५ मिनिटं, दाणा तोडल्यावर आतून बदामी दिसेपर्यंत. मोठ्या आचेवर साल करपते, आत कच्चं राहतं, आणि ती चटणी आधी खवट होते.

कुटणं उखळात. मिक्सर वापरायचाच तर दाणे पूर्ण गार करून तीन-तीन सेकंदांचे झटके. सलग फिरवला की तापून लोणी होतं. उखळात कुटलेल्या चटणीला मुठीत दाबलं की तेल सुटून लाडू वळतो आणि सोडलं की फुटतो. तेवढ्यावर थांबायचं.

लसणाची चटणी नेहमीच्या घरांना, पण तिचा उखळ वेगळा. लसणाचा वास लाकडी मुसळात बसतो, धुऊन जात नाही, आणि माळकरी माणसाला तो पहिल्या घासाला कळतो. कच्च्या लसणाची चटणी पंधरा दिवसांत वास बदलते. लसूण चकत्या करून गरम दाण्यांत रात्रभर कोरडा केला तर महिना जातो.

१ जुलै, मंगळवार

दिंडीचं सामान पोचतं केलं: ५५० भाकऱ्या, सेवेच्या ३०, चटणी ११ किलो. डबे परत यायचे आहेत.

भाकरी ८,८००, चटणी ३२० रुपये किलोने ३,५२०, एकूण १२,३२० रुपये. अर्धे आगाऊ घेतले होते, उरलेले आज मिळाले.

८ जुलै, मंगळवार

आषाढी परवा झाली. आज तवा पुन्हा सुरू, ४० च.

दिंडीकडून आलेली एक तक्रार, आणि ती खरी आहे: डब्यातल्या तळच्या दहा-बारा भाकऱ्या चुरल्या. टेम्पोतून उतरवताना डबा आपटला असणार, पण तळाशी काहीच नव्हतं हेही खरं. पुढच्या वेळी तळाला आणि वर दुहेरी पुठ्ठा, साठऐवजी पंचावन्न.

थोरलीचा अंगठा: सकाळी ताठरपणा आहे, कळ नाही. पट्टी रात्रीची चालू. सासूबाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी, टक्क्यांत) मार्चमध्ये ७.९ होती, २३ जूनच्या तपासणीत ७.७. एप्रिलमधले तुकडे धरता यापेक्षा जास्त उतरायची अपेक्षा नव्हती. पुढची तपासणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, निळ्या पेनाने लिहिली.

कोठीत ज्वारी उरली ६२ किलो. पाला बदलला. दळण गुरुवारी, १२ किलो.